कापून न पाहिलेली कमान

सर, रविवारी माझ्या हुडकेश्वरच्या घरी सात-आठ जण जमले होते. त्यांच्यासमोर मी तुमच्याबद्दल जे बोलले ते तुमच्याही कानावर घालावं असं दोन दिवस सारखं वाटतंय. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. त्याआधीची चौदा वर्षं आपण बोलत नव्हतो. म्हणजे तीस वर्षांनी मी तुम्हाला सर म्हणून हाक मारते आहे, आणि ती मारताना अजूनही आवाज थोडा खाली जातो, याचा मला राग येतो.

जमलेले सगळे लाकडात जाळीची नक्षी कापणारे छंदवाले. आपण जिला जाळीची करवत म्हणायचो तिला हे स्क्रोल सॉ म्हणतात. ती आता विजेवर चालते, टेबलावर मावते. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे एक गृहस्थ आहेत, मौद्याच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मनात आलंय की आपण एक मासिक काढावं, मराठीत, फक्त या कामाचं. त्यांनी ग्रुपवर विचारलं, अशा मासिकाकडून तुम्हाला काय हवं? दिवसभर उत्तरं येत होती. नक्षी खऱ्या मापात छापा, झेरॉक्सवाल्याकडे मोठी करायला गेलं की वाकडी होते. कुठल्या लाकडाला कुठलं पातं ते स्पष्ट लिहा. नवशिक्यांसाठी एक तरी सोपी वस्तू. आमच्या कामाचे फोटो छापा, चांगलं नसलं तरी छापा. निवृत्त बाईंनी लिहिलं, माझी बोटं आखडतात, पातं ओवायला फार भोकं पाडावी लागणार नाहीत अशी नक्षी दर अंकात एक द्या. मी चार वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. माझं उत्तर एकच होतं, आणि ते तुमच्यापाशी जाऊन थांबत होतं.

तुमच्याकडे मी आठवीत आले. शाळेत मुलांना तुमचं सुतारकाम आणि मुलींना भरतकाम. माझे वडील मागावर बसायचे, लुगड्याच्या किनारीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवणं मी त्यांच्याकडून शिकले होते. भरतकामाच्या वहीत मी तशीच एक किनार काढली होती आणि ती वही कशी कोण जाणे तुमच्या हाती आली. तुम्ही वर्गाच्या दारात उभे राहून विचारलंत, "हे कोणं काढलं?" मला वाटलं आता शिक्षा होणार. त्या शनिवारपासून मी तुमच्या घरी येऊ लागले. तुमची करवत स्वयंपाकघरात होती, कारण घरात उजेड तिथेच चांगला यायचा. शिवणयंत्राच्या जुन्या पायट्यावर तुम्ही ती स्वतः बसवली होती. एका बाजूला काकूंची शेगडी, दुसऱ्या बाजूला आपण. अजून डोळ्यांसमोर आहे, काकू पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा वाढतात आणि ताटावर हात धरून म्हणतात, "थांबवा गा ती करवत, भुसा पडून राहिला ना त्यात." तुम्ही पाय थांबवता, पोह्याचा एक घास खाता आणि पुन्हा पायटा हलवायला लागता.

पहिल्या दिवशी मी तीन पाती तोडली. तिसऱ्याला तुम्ही माझा हात लाकडावरून उचललात. "ढकलून काहून राहिली तू? कापाचं काम करवतीचं हाय. तू फक्त लाकूड फिरव." रागावूनच बोललात, पण त्या रागात मला बरं वाटलं होतं. घरी माझ्या कामावर रागावण्याइतकं लक्ष कोणी देत नव्हतं. दहावी झाले तेव्हा तुम्ही मला बारीक पात्यांची एक पुडी दिलीत, केसासारखी पाती, तुम्ही स्वतःसुद्धा जपून वापरायचात ती. आईने विचारलं, हे काय बक्षीस? मी ती पुडी उशीखाली ठेवून झोपायचे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी तुम्ही पत्रिका सुरू केलीत. तीन महिन्यांनी एक अंक, सोळा पानं, मध्ये घडी घातलेली मोठी नक्षी. वर्धा, भंडारा, चंद्रपूर, पुढे पुणे-कोल्हापूरपर्यंत जायची. पोस्टकार्डं यायची, ती मी वाचून दाखवायची, तुम्ही करवत चालवता चालवता उत्तरं सांगायचात आणि मी लिहून घ्यायची. कोणी विचारायचं पातं सारखं तुटतं काय करू, कोणी लिहायचं प्लायची कड उखडते. आणि जवळपास प्रत्येक कार्डात एका ओळीबद्दल काहीतरी असायचं. शेवटच्या पानावर तुम्ही चौकटीत छापायचात, "या अंकातली प्रत्येक नक्षी आम्ही स्वतः कापून पाहिली आहे." लोकांना ती ओळ फार आवडायची. एका पोस्टमास्तरांनी लिहिलं होतं, त्या ओळीमुळे मी हिंमत करतो. खेड्यात एकटा बसून कापणारा माणूस, विचारायला शेजारी कोणी नाही, लाकूड एकदा चुकलं की चुकलं. त्याला एवढंच हवं असतं की आपल्या आधी कोणीतरी या रेघेवरून गेलेलं आहे. हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर एवढं लागलं.

दिवाळी अंकासाठी मी भिंतीवरचं घड्याळ केलं होतं. पळसाच्या फुलांची कड, मधोमध तबकडी. चार महिने खपले. तीनदा कापलं, दोनदा पाकळी मोडली, तिथली नक्षी बदलली, मग जमलं. तुम्ही ते घड्याळ उजेडात धरून मागून-पुढून पाहिलंत आणि "हं" म्हणालात. तुमच्या तोंडून "हं" म्हणजे खूप होतं. आणि अंक छापायला जायच्या आठवड्यात तुम्ही एक कमान आणलीत. देव्हाऱ्याची, दोन हात रुंद, वेली, मोर, मध्ये कमळ. कुठल्याशा परदेशी मासिकातल्या कमानीवरून तुम्ही उतरवली होती, मोर आणि कमळ तुमचं. "दिवाळी हाय, लोकांले भव्य पाहिजे," म्हणालात. "तुझं घड्याळ पुढच्या अंकात." मी विचारलं, "सर, कापून?" तुम्ही म्हणालात, "मी पाहिली हाय ना." पाहिली आणि कापून पाहिली यातला फरक त्या घरात माझ्याइतका आणखी एकाच माणसाला ठाऊक होता. अंक निघाला. शेवटच्या पानावर ती चौकट होतीच.

डिसेंबरात ते सावनेरचे गृहस्थ आले. कोळशाच्या खाणीत होते, वय पंचेचाळीसच्या आसपास, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. दारात चपला काढून ते ओल्या फरशीवरून पावलं जपत आत आले. मी काकूंना पोहे द्यायला मदत करत होते. त्यांनी चादर सोडली. आत सागवानाची कमान होती, प्लाय नाही, सागवान, आणि मधोमध कमळाच्या जागी आरपार भोक. कमळ त्यांनी वेगळं रुमालात बांधून आणलं होतं. काम इतकं सुरेख होतं की मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा गोल होता.

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गुरुजी, माझं काय चुकलं तेवढं समजून घ्याले आलो. आईचे देव कोनाड्यात हायेत, म्हटलं संक्रांतीले देव्हाऱ्यात बसवू. दोन महिने ड्यूटी करून कापलं. सगळ्यात शेवटी कमळ कापून राहिलो होतो, तं ते सुटून हातातच आलं. मी तीनदा नक्षी पाहिली. तुम्ही त कापून पाहिली होती. मंग मलेच काहून जमलं नाही?"

नक्षीत कमळाभोवतीची रेघ कुठेच तुटत नव्हती. जाळीत प्रत्येक तुकडा कुठेतरी चौकटीला धरून असावा लागतो, आणि कमळाला धरायला एक देठसुद्धा ठेवलेला नव्हता. कोणीही कापलं असतं तरी ते पडणारच होतं. तुम्हाला ते तिथल्या तिथे कळलं. मी तुमचा चेहरा पाहत होते. तुम्ही कमळ हातात घेतलंत, भोकात बसवून पाहिलंत, काढलंत. मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तुमचं नाही चुकलं. नक्ष्या ही पोरगी उतरवते. रेघ बंद करून टाकली हिनं."

काकूंनी शेगडीवरून मान वर केली. त्यांनाही माहीत होतं ती कमान कोणी उतरवली ते. त्यांनी मान पुन्हा खाली घातली. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा जे दिसलं ते म्हणजे सुटका. आपलं चुकलं नव्हतं ही सुटका. मग ते म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. लहान हाय ते. पोरी, घाबरू नको वं, होते चूक." त्यांनी पोहे खाल्ले, काकूंना नमस्कार केला, कमान पुन्हा चादरीत गुंडाळली आणि एसटीच्या वेळेला निघून गेले.

पुढच्या अंकात तुम्ही छापलंत, नक्षीतली चूक आमच्या एका विद्यार्थिनीच्या हातून झाली, वाचकांनी मोठ्या मनाने समजून घ्यावं. नाव नव्हतं, पण तुमची विद्यार्थिनी एकच होती. माझं घड्याळ त्या अंकात नव्हतं. चूक करणाऱ्या मुलीची नक्षी लगेच कशी छापणार? मी अंक घेऊन तुमच्याकडे आले आणि मला एवढंच विचारता आलं, "सर, काहून?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, आणि तुम्ही शांत होतात हेच मी विसरू शकले नाही. "माझ्यावरचा विश्वास गेला त पत्रिका बंद पडते. तुझ्यावरचा गेला त काय होते? तू लहान हायेस, लोक विसरून जातात." मी पात्यांची पुडी करवतीच्या टेबलावर ठेवली आणि निघाले. काकू फाटकापर्यंत आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि फाटक लावून घेतलं.

लोक विसरले, तेवढं तुमचं खरं ठरलं. मी विसरले नाही. नोकरी केली, लग्न झालं, मुलं मोठी झाली. कोणाच्या घरी लाकडाची जाळी दिसली की मी दुसरीकडे बघायची. तुम्ही गेल्याचं पेपरात वाचलं आणि त्या दिवशी नेहमीसारखी ऑफिसला गेले. मागच्या वर्षी मुलाने विचारलं, आई, तू काय करायचीस कॉलेजात? आणि मी सांगून गेले. त्याने ती विजेची करवत आणून टेबलावर ठेवली. पहिल्या कापाला माझ्या हाताने लाकूड फिरवलं, ढकललं नाही. तुमची शिकवण हातात तशीच होती, आणि ती काढून कुठे ठेवता येत नाही.

रविवारी इंजिनिअर साहेबांनी तुमचा तो दिवाळी अंक आणला. त्यांनी कुठूनतरी मिळवून जपून ठेवलेला. म्हणाले, पहिल्या अंकात हीच कमान छापू, दुरुस्त करून, सरांच्या स्मरणार्थ. "मॅडम, तुम्ही तर सरांच्या विद्यार्थिनी. दोन पानं तुम्हीच लिहा. ती चूक कोण्या पोरीनं केली होती म्हणतात, पण सरांचं काम पाहा!"

मी म्हटलं, "ती पोरगी मी. आणि कमान मी उतरवली नव्हती, सरांनी उतरवली होती. कापून पाहिली नव्हती, आणि तरी कापून पाहिली म्हणून छापलं होतं."

साहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "आता ते राहिले नाहीत, मॅडम." म्हणजे गप्प बसा. तेव्हा त्या निवृत्त बाई, बोटं आखडणाऱ्या, अंक जवळ ओढून म्हणाल्या, "राहिले नाहीत हे खरं. पण कापणारे तर आपण आहोत ना? मला आवडली कमान. आधी कोणीतरी कापा, मग छापा." पुढचा तासभर त्यावरच बोलणं झालं. शेवटी ठरलं की प्रत्येक नक्षीखाली ती कोणी काढली त्याचं नाव, कोणी कापून पाहिली त्याचं नाव, आणि कापताना कुठे मोडली तेही छापायचं. कमान मी कापणार आहे. तुमच्यावरची दोन पानं लिहायला मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. ती लिहायला बसले आणि ही झाली. ही त्यांना देणार नाही. कुठे पाठवणारही नाही.

एक गोष्ट मी रविवारी सांगितली नाही, इतक्या वर्षांत घरातही सांगितली नाही. दिवाळी अंकाचं प्रूफ आणायला तुम्ही मला छापखान्यात पाठवलं होतं. "मजकूर तेवढा तपास, नक्षी मी पाहिली," म्हणाला होतात. मी मजकूर तपासला. मग सवयीने पेन्सिलीचं टोक नक्षीवरून फिरवलं, आणि ते कमळाभोवती फिरून पुन्हा होतं तिथेच आलं. मला दिसलं, सर. मी दोन मिनिटं त्या कागदाकडे पाहत राहिले. माझं घड्याळ बाजूला काढून तुम्ही हे छापत होतात. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, "बरोबर हाय ना ताई?" मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि प्रूफ त्याच्या हातात दिलं.