मंदारने अर्धं ठेवलेलं चित्र

यवतमाळ

ती. दादास भैरवीचा नमस्कार.

मी बरी आहे. स्टुडिओतली मंडळी आळीपाळीने डबा आणतात, त्यामुळे जेवण होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मंदारने काढायला घेतलेलं माझं चित्र आता हे सगळे मिळून पूर्ण करताहेत. गेलेल्या सोबत्याचं काम अर्धवट राहू द्यायचं नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. यंदाच्या प्रदर्शनात ते मधोमध लागणार आहे. म्हणून रोज दुपारी तीच निळी साडी नेसून मी खिडकीपाशी बसते.

राजकुमार म्हणतो, "वहिनी, जराशा हसा नं. मंदारभाऊ काय असे रडके चित्रं काढत होता?" सगळे हसतात, मग मीही हसते.

काल त्यांच्यातल्या पुष्पाताईंनी चित्रातला हात नीट केला. चांगला झालाय, पण आता तो मंदारने काढलेला राहिला नाही. चेहरा अजून त्याच्याच हातचा आहे. तो सोमवारी करायला घेणार आहेत.

इतक्या मायेने करताहेत की नको म्हणवत नाही. तू रविवारी ये. आईने बोलावलंय म्हणून मला उमरखेडला ने, आणि चित्र तूच माग. मी मागितलं तर ते पूर्ण करूनच देतील.

तुझी,
भैरवी