कॅल्डोव्हिन अस्तित्वात नाही

४ जानेवारी
यंदाचे संकल्प दोनच. संध्याकाळचे पेग दोनवर आणायचे. लेकीशी, म्हणजे चिऊशी, रोज दहा मिनिटं संवाद साधायचा. दुसरा संकल्प ऑफिसच्याही कामाचा. आमच्या विभागाची यंदाची घोषणा ‘मुलांचं ऐका’ ही मीच सुचवली. पोस्टर झकास झालंय.
आज संवाद जमला नाही. संकल्प ठरल्याच्या आनंदात तिसरा पेग झाला आणि डोळा लागला.

९ जानेवारी
ऑफिसात नवी ज्युनिअर आली. तिला माझ्या टेबलामागचा आलेख दाखवला. शाळकरी मुलांची दारू आणि नशेच्या गोळ्या, बावीस वर्षं, दोन रेघा. दोन्ही रेघा माझ्या हाताखाली उतरत आल्यात. ही घरी म्हणते, पोरीपेक्षा त्या रेघांकडे जास्त बघता. साहजिकच आहे. रेघा सोळाव्या वर्षी उलटून बोलल्या नाहीत.
ज्युनिअरला सर्वेक्षणाच्या फॉर्ममधली मेखही सांगितली. गोळ्यांच्या यादीत एक नाव खोटं असतं: कॅल्डोव्हिन. असं काही जगात नाही. सहा वर्षांपूर्वी मीच दाढी करताना शोधलं. जो पोरगा कॅल्डोव्हिनपुढे खूण करतो तो फेकतोय, त्याचा अख्खा फॉर्म बाद. ज्युनिअर म्हणाली, ग्रेट सर. पोरगी हुशार वाटते.

२ फेब्रुवारी
शाळांतून भरलेले फॉर्म यायला लागले. त्यात चिऊची शाळाही आहे.
रात्री जेवताना चिऊने विचारलं, बाबा, कॅल्डोव्हिनने किडनीला काही होतं का हो? आली का पंचाईत! सर्वेक्षणाची गुप्तता घरातही पाळावी लागते. चेहरा गंभीर ठेवून म्हटलं, काही म्हणजे काहीही होत नाही, जेव बिनधास्त. तिला एकदम हायसं वाटलेलं दिसलं. मला मात्र मनातल्या मनात हसू आवरेना. घरचीच पोरगी फसली!
संवाद: दोन मिनिटं. उरलेली आठ उद्या.

११ फेब्रुवारी
हल्ली व्हिस्की हलकी लागते. आधी कंपनीवर संशय होता. मग लक्षात आलं, माझीच पचवायची ताकद वाढलीय. तीन पेग घेऊन आज अख्खं शब्दकोडं सोडवलं. ज्याची इच्छाशक्ती एवढी दांडगी त्याला दोनचं बंधन कशाला? संकल्पात किरकोळ दुरुस्ती: चार.
चिऊ लवकर झोपते हल्ली. संवादाला माणूस तर पाहिजे समोर.

२० फेब्रुवारी
दरवर्षी शंभरात एखादा दीडशहाणा कॅल्डोव्हिनवर खूण करतो. यंदा शंभरात चौदा! काय फेकू पिढी आहे.
ज्युनिअरचं म्हणणं, सर, कुठेतरी पाणी मुरतंय. कोणीतरी या नावाने खरंच काहीतरी विकत असेल. पोरं सहा वर्षं ते नाव आपल्याच फॉर्मवर वाचतायत, कोणी मागितलं असेल, कोणी आणून दिलं असेल. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाई, जी वस्तू मी दाढी करताना शोधली ती बाजारात कशी मिळेल? तिने पुढचा गठ्ठा उघडला. पटलं असावं. चौदाच्या चौदा बाद.

२७ फेब्रुवारी
जिंकलो! बाद फॉर्म काढून टाकल्यावर गोळ्यांची रेघ बावीस वर्षांत सगळ्यात खाली. तिच्यामागून दारूचीही घसरली. संचालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात पालकांपुढे माझं भाषण. ज्युनिअरने टाळ्या वाजवल्या नाहीत. जळतात लोक.

६ मार्च
घरात कटकट. ही म्हणते, चिऊ सकाळी उलट्या करते, तोंड सुजतं, पाठ दुखते म्हणते. म्हटलं, परीक्षा आली की मला पण व्हायचं. मग हिने चिऊच्या मोज्यात सापडलेली पुडी पुढे धरली. राखाडी गोळ्या. वर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं: कॅल्डोव्हिन.
पोट धरधरून हसलो. अहो, काय डोकं आहे पोरीचं! बापाची फिरकी घ्यायला लेबल छापून आणलं! हिला काही कळेना. म्हणाली, हसताय काय, निदान विचारा तरी तिला.
गेलो. चिऊ पलंगावर बसून रडत होती. म्हणाली, बाबा, वर्गातले खूप जण घेतात, मला आता सोडता येत नाहीये, मला भीती वाटतेय. म्हटलं, अभिनय फर्स्टक्लास, पण बाप या कामात बावीस वर्षं मुरलाय. ती डोळे पुसून म्हणाली, बरं.
पुडी तिची तिला परत दिली. मुलांच्या खाजगी वस्तू ठेवून घ्यायच्या नसतात, आमच्या पत्रकातच आहे. ही डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती. साफ नाही म्हटलं. सर्वेक्षणवाल्याची मुलगी आणि नशेसाठी दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील.
संवाद: चार मिनिटं. प्रगती आहे.

१८ मार्च
भाषण जोरदार. हॉल भरलेला. मुलं खरं बोलत असतात, आपले कान बंद असतात, या वाक्याला एका आईने डोळे पुसले. मधेच हिचे फोनवर फोन. कट केले. विषयच संवादाचा होता, तो तोडून चालत नाही.
नंतर कळलं, चिऊ बाथरूममध्ये पडली. दवाखाना गाठला. डॉक्टर तिला विचारत होते, काय घेतलंस. ती पुटपुटली, कॅल्डोव्हिन. डॉक्टरांनी नाव ऐकलेलं नव्हतं. कसं ऐकणार! त्यांना बाजूला घेऊन माझं ओळखपत्र दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. तेही हसले. म्हणाले, तुमच्यासारखा तज्ज्ञ आहे म्हणून बरं. अशक्तपणा लिहिला, सलाईन लावलं.
ही ओरडायला लागली की पोरगी सांगतेय ते ऐका. म्हटलं डॉक्टर, आईचं काळीज आहे, मनावर घेऊ नका.

१९ मार्च
किडन्या बंद पडल्या.
ही रात्रीच घरी जाऊन पुडी घेऊन आली होती. लॅबने तपासली. नाव तेवढं खोटं, आतला माल खरा, आणि जहाल. काल दुपारीच धरलं असतं तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. अर्धवट वाक्यं बोलायची काय सवय असते लोकांना.
त्यांनी चिऊला विचारलं, त्रास व्हायला लागल्यावर थांबली का नाहीस? ती म्हणाली, बाबांना विचारलं होतं, ते म्हणाले, किडनीला काही होत नाही.
संदर्भ सोडून सांगितलंय तिने. मी तसं डॉक्टरांना सांगायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं.

२ एप्रिल
आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कधीपर्यंत, ते कोणी सांगत नाही. ही तिथेच राहते. माझा डबा बंद.
आज चिऊच्या पलंगाशी बसलो. म्हटलं, बाळा, बोल, ऐकतोय. तिने नर्सला पडदा ओढायला सांगितलं. नर्सला काहीतरी विचारायचं होतं तिला, किती गोळ्या, कधीपासून. पडद्यामागून आवाज आला, बाबांना विचारा. खरं काय, खोटं काय, ते तेच ठरवतात.
घरी आलो. संचालकांचा फोन. अहवाल छापून झाला, रेघ आहे तशीच राहील, काळजी नको. पुढच्या वर्षीसाठी मात्र नवं खोटं नाव लागेल, तेवढं सुचवा. कागद घेऊन बसलो. एकही नाव सुचेना. सगळी खरी वाटतात.
पेग भरला. एका दमात घेतला, दुसराही. काहीच होईना. नीट चव घेतली. पाणी. कपाटातली दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. नुसतं पाणी.
कधीपासून पितोय हे, आणि यातली दारू कोण पीत होतं, कोणास ठाऊक. चिऊला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती नेहमी खरंच सांगत होती. आता सांगत नाही.