चाराच्या झाल्या अकरा

४ मार्च

घर तपासणारा आला आणि तीन तासांनी गेला. लग्नाआधी मलाही कुणी एवढं न्याहाळलं नव्हतं! आमचं घर घेणाऱ्या जोडप्याने पाठवलेला माणूस. प्रत्येक भिंतीवर टकटक, प्रत्येक नळाखाली बोट. हे मागे मागे — "मजबूत आहे हो, सगळं मजबूत आहे!" नेमका तेव्हाच मागच्या दाराच्या बिजागरीचा स्क्रू टपकन खाली पडला. हे त्यावर पाय ठेवून उभे. तपासणारा शांतपणे म्हणाला, "पाय उचलता का जरा?"

६ मार्च

एजंटचा मेसेज. घेणाऱ्यांनी चार दुरुस्त्या मागितल्यात — बाथरूमच्या भिंतीची ओल, मागचं दार, पाण्याच्या टाकीचं झाकण, हॉलमधला एक प्लग. वीस तारखेला पुन्हा तपासणी, मग सही. हे मोबाइल उघडून बघतात थोडेच! म्हटलं, कागदावर उतरवून देते.

चार लिहिल्या. आणि पेन थांबेचना!

पाच — बाथरूमची कडी. बारा वर्षं लागत नाही. आत माणूस आहे हे कळावं म्हणून मी अंघोळ करताना मोठ्याने गाते. शेजारच्यांना वाटतं, मला गाण्याची हौस आहे! सहा — स्वयंपाकघरातली खिडकी, रंगात चिकटून बसलेली. सात — शेगडीवरचं फडताळ, वीतभर खाली हवं. असं करत करत अकरा. प्रत्येकीला ह्यांचं ठरलेलं उत्तर होतं — "रविवारी बघतो." एकोणीस वर्षांत रविवार काही कमी आले नाहीत.

७ मार्च

कागद दिला. ह्यांनी दोनदा वाचला.

"यांना घर हवंय का राजवाडा? ओल समजू शकतो. पण फडताळ? फडताळाशी काय करायचंय त्यांना?"

"त्यांचं त्यांना माहीत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"सौदाच मोडतो!"

ह्यांच्या गुडघ्यांना हा जिना झेपत नाही, म्हणून तर लिफ्टचं घर बघितलं. माझ्या एका कागदापायी सगळंच मुसळ केरात? आता सांगून टाकते, म्हणून संध्याकाळी तोंड उघडलं — तर हे हत्यारांची पेटी घेऊन निघालेसुद्धा!

९ मार्च

कडी बसली. आज न गाता अंघोळ. शेजारीण विचारायला आली — "बरं नाही का?"

१२ मार्च

खिडकी उघडली! वारा आला तो थेट भाजीवर.

मग फडताळ. "माप दिलंय का त्यांनी?" "नाही." "मग तूच उभी राहा अशी, अंदाजाला. हात वर कर." माझ्या हाताला बेतून ठोकलं. मी खाली उभी, मनात नुसता जळफळाट. परक्यांसाठी बघा कसा घाम गाळतायत! आणि मी एवढी वर्षं स्टुलावर चढत होते ती? जेवताना ह्यांच्या पानात लोणचं वाढलंच नाही. का, ते ह्यांना कळलंही नसेल.

१७ मार्च

अकरावीही झाली. घर इतकं देखणं दिसतंय की रडू येतं. आणि चीडही!

१९ मार्च

उद्या तो तपासणारा चारच गोष्टी बघणार. हे विचारणार, "बाकीच्या सात?" मग माझं काय? आज सांगायचंच ठरवलं.

"अहो, ऐका ना —"

"हात रंगात आहेत. नंतर."

नंतर म्हणजे रविवारीच ना!

२० मार्च

चारही पास. बाकीच्यांचं नावही निघालं नाही. सह्या झाल्या. हे पेटी आवरायला आत गेले. एजंट चपला घालताना म्हणाला, "काकू, काकांची कमाल आहे हो! यादी मी तुम्हा दोघांनाही पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन — चारच आहेत ना? म्हटलं, चारच. तर म्हणाले, आमच्या घरातली यादी जरा मोठी आहे, वीस तारखेच्या आधी येऊ नका."

आत गेले. हे पेटीचं झाकण लावत होते. वर न बघताच म्हणाले, "नव्या घराची लिहिलीस का?"