पंक्चर क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तीनशे अठ्ठ्याऐंशीवं पंक्चर काढलं. मी नाही, त्या गाढवाने. मी फक्त त्याच्या तोंडात शब्द घालतो.

सतरा वर्षं चाललेली जपानी विनोदी अ‍ॅनिमे मालिका. नायक सायकलच्या दुकानात काम करतो. सतरा वर्षांपूर्वी दहावीत होता, आजही दहावीतच आहे. (आणि घरचे मला म्हणतात, शिक्षण अर्धवट सोडलंस. मी निदान कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलो!) प्रत्येक भागात नायिका पंक्चर झालेली सायकल ढकलत येते. दुकानातले आजोबा पाण्याच्या टबात पडतात. नायक चाक हातात धरून म्हणतो, "मला तुला एक सांगायचं होतं—" आणि शिंकतो. साधी शिंक नाही, दुकानाचं शटर खाली येईल अशी. नायिका म्हणते, "बरं, उद्या सांग." आणि जाते. पुढच्या भागात ये रे माझ्या मागल्या.

तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा! ती ट्यूब आहे की चाळणी? आणि आजोबांना तो टब सतरा वर्षं दिसत कसा नाही?

माझं काम एवढंच — कुणीतरी केलेलं कोरडं भाषांतर घ्यायचं आणि पात्रांच्या ओठांत बसेल असं आपल्या भाषेत लिहायचं. शब्द ओठांच्या बाहेर गेला की कात्रीकाका कापतात. कात्रीकाका म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. खरं नाव स्टुडिओत कुणाला आठवत नाही, बहुतेक त्यांनाही.

नायिकेचा आवाज ती देते.

तिच्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवून काही होत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज "बरं, उद्या सांग" या तीन शब्दांना तिने पाच टेक घेतले. पहिल्यात हसली. दुसऱ्यात म्हणाली, घसा साफ करते. तिसरा मला ठीक वाटला, तिला नाही. मी काचेच्या अलीकडून बटण दाबून आपला म्हणतोय, "एक टेक अजून घेऊ."

ती गेल्यावर कात्रीकाका म्हणाले, "ही पोरगी आधी इथे जाहिराती करायची. पहिल्या टेकला घरी. तुझ्याच वाक्यांना पाच-पाच का लागतात रे?"

मी म्हटलं, माझी वाक्यं अवघड असतात.

"असतील बाबा," काका म्हणाले.

मधल्या सुट्टीत चहा घेताना तिने एक सिद्धांत मांडला. म्हणे, नायिका स्वतःच चाकाला टाचणी टोचत असणार. नाहीतर एवढी पंक्चरं कुणाची होतात? मी सांगितलं, मूळ कथेत तसा काही पुरावा नाही. तिने कप विसळला आणि आत गेली.

सिद्धांत मांडायला काय जातं. पटकथा वाचावी लागते!

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी दारात चप्पल काढेपर्यंत बाबांचा प्रश्न तयार — "काय लेखक, आज तरी सांगितलं का त्याने?" आठ महिने, रोज हाच प्रश्न. आई रोज तितकीच हसते. मला वाटायचं मालिका फक्त स्टुडिओत चालते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घात झाला. आणि केला कुणी, तर कात्रीकाकांनी.

काकांच्या संगणकात 'डबा' नावाचा एक कप्पा आहे. जुन्या भागांतले आवाज त्यात साठवून ठेवतात — आजोबा पडल्याचा आवाज, शटरचा आवाज, शिंका. आज स्टुडिओच्या मालकीणबाईंनी तो बघितला. त्यात नायिकेचंही सगळं निघालं. हसू आठ प्रकारचं. "अगं बाई" चार प्रकारचं. "बरं, उद्या सांग" तर बावीस!

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, ही मुलगी तेच तेच बोलते, तर तिला दर वेळी बोलवायचं कशाला? डब्यातून काढा आणि लावा. नवीन वाक्य आलं तरच बोलवा.

नवीन वाक्य? या मालिकेत? सतरा वर्षांत नायिकेने नवीन रिबीन लावलेली नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाग ३९५ मध्ये तिचं एकही नवं वाक्य नाही. ३९६ मध्ये एक — "आजोबा, टॉवेल." बस्स. एका टॉवेलसाठी कोण बोलावणार?

डोकं भणभणतंय. बाईंशी भांडलो. कलेचा वगैरे मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "कला म्हणजे ते टबात पडणं का?" दार आपटून बाहेर आलो. दार हळू बंद होणारं आहे. आपटलंही जात नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं!

वाक्य डब्यात आहे म्हणून ती येत नाही. मग डब्यात नसलेलं वाक्य लिहायचं. नायिकेचे ओठ तेवढेच हलतात ना? त्यात काहीही बसवता येतं. "बरं, उद्या सांग" काढलं. तिथे घातलं — "सर्दीचं औषध घे." पुढच्या भागात — "घंटी पण बघ ना." त्याच्या पुढच्या भागात — "मला घाई नाहीये."

मूळ लेखक जपानात आहे. तो थोडाच येणार आहे बघायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ती आली! पाच वाक्यं, एकोणीस टेक.

म्हणाली, "लेखक, तुमची बाई अचानक फार बोलायला लागली." एरवी मला तू म्हणते, चिडवताना तुम्ही. मी म्हटलं, पात्राचा विकास होतोय. ती म्हणाली, "आणि तो? त्याचा विकास?" मी म्हटलं, त्याचं काही होणार नाही, पालथा घडा आहे तो.

"हो, ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि हेडफोन चढवला.

"मला घाई नाहीये" तिने इतकं सुंदर म्हटलं की काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ठरवलं — आज सांगायचं. ती बाहेर आली. मी उठलो. म्हणालो, "ऐक ना, मला तुला एक—" आणि पुढे म्हणालो, "एक टेक अजून घेऊ."

ती परत आत गेली. निमूटपणे अजून एक टेक दिला. कशाचा, तिलाही विचारावंसं वाटलं नाही.

४ मार्च, मंगळवार

वाहिनीकडून पत्र. पोरांच्या तक्रारी आल्यात — चौऱ्याहत्तर! नायिका "बरं, उद्या सांग" का म्हणत नाही? एका मुलीच्या आईने लिहिलंय की पोरगी रोज टीव्हीसमोर उभी राहून ते वाक्य नायिकेबरोबर म्हणायची, आता रुसून बसते.

बाईंनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "ते वाक्य म्हणायलाच बसतात रे मुलं. पुढे काय होणार ते माहीत असतं म्हणून बसतात. तू कोण ते काढणारा?" वाक्य परत घालायचं. ३९९ पासून. चारशेव्या भागाला तेवढं सगळ्यांना बोलवायचं, कारण आजोबा दोनदा पडतात आणि नायिकेला किंकाळी आहे.

म्हणजे जगाला हेच हवंय. तेच पंक्चर, तोच टब. मी एकटाच शहाणा, आणि माझ्या शहाणपणावर चौऱ्याहत्तर तक्रारी.

५ मार्च, बुधवार

ठीक आहे. नायिकेचं वाक्य तुमचं. नायकाबद्दल पत्रात एक अक्षर नाही!

चारशेव्या भागात शिंकेच्या आधी लिहून टाकलं — "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून." ओठांत बरोबर बसतं. सतरा वर्षं ती जागा या वाक्यासाठीच मोकळी ठेवली होती जणू. ती समोर उभी असणार, ऐकणार, आणि तिला कळणार हे कुणी लिहिलंय. त्यानंतर मला बोलायची गरजच नाही!

६ मार्च, गुरुवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

नायकाचा आवाज देणारे गृहस्थ चौपन्न वर्षांचे. दोन नातवंडं. तोंडात खोकल्याची गोळी. माझ्या काळजातलं वाक्य त्यांनी गोळी गालात सरकवून म्हटलं, पहिल्याच टेकला. वर म्हणाले, "अरे, पोराने सांगून टाकलं की!"

त्यांच्या शेजारच्या माइकवर ती. तिने आपलं वाक्य म्हटलं नाही. हेडफोन काढला. काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"लेखक, हे मूळ संवादात आहे?"

काकांचा हात बटणावरच थांबला. तीन माणसं आणि एक पंखा, सगळे माझ्या उत्तराची वाट बघत. मी बटण दाबलं.

"नाही," मी म्हणालो. "टायपिंगची चूक आहे ती."

टायपिंगची चूक! दोन अख्खी वाक्यं! मांजर कळफलकावरून चाललं तरी एवढं नीट उमटत नाही.

"बरं," ती म्हणाली. हेडफोन चढवला. नायकाचं जुनं वाक्य परत घेतलं, मग शिंक, मग तिचं "बरं, उद्या सांग." एका टेकमध्ये. मला अजून एक घेऊ म्हणायला जागाच ठेवली नाही.

११ मार्च, मंगळवार

ती चालली. तीन तासांवरच्या शहरात. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून मुद्रित करण्याचं काम मिळालंय. उद्यापासून.

जायच्या आधी बाईंनी तिच्याकडून डबा भरून घेतला — आणखी शंभर भाग पुरेल इतकं हसू, किंकाळ्या आणि उद्या सांग. दुपारभर ती आत, मी बाहेर पायऱ्यांवर. चार वाजून गेल्यावर बाहेर आली. मी विचारलं, तिकडचं काम कसं आहे. म्हणाली, "चांगलं आहे. तिथे गोष्टी संपतात."

मग जाता जाता — "डब्यात सगळं ठेवलंय. एकदा बघून घे, काही कमी असेल तर."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कात्रीकाका बघतील."

शपथ घेतोय. त्या डब्याला मी हात लावणार नाही. माणूस घालवून त्याचा आवाज बरणीत भरून ठेवायचा!

१८ मार्च, मंगळवार

काका : "डबा उघडून बघ की रे एकदा."

मी : "मेलो तरी नाही."

३ एप्रिल, गुरुवार

काकांना नवा विनोद सापडलाय. सकाळी मी आलो की — "काय, बघितलास का डबा?" घरी बाबा, इथे हे. माणसं एकदा एका वाक्यावर अडकली की अडकली.

तिला निरोप लिहिला : 'पुस्तक कुठपर्यंत आलं?' पुसला. 'कशी आहेस?' पुसला. मग काकांना पाठवायचा निरोप तिला जाता जाता वाचला. तोही पुसला.

२२ एप्रिल, मंगळवार

भाग ४१५. टाचणीचा विचार डोक्यातून जात नाही. मागचे भाग पुन्हा बघितले. सायकल दर वेळी दुकानाच्या पन्नास पावलं आधी पंक्चर होते. त्या गल्लीत दुसऱ्या कुणाचीच सायकल पंक्चर होत नाही.

म्हणजे पुरावा होता.

९ मे, शुक्रवार

बाबांनी आज विनोद केला नाही. पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्याचं जाऊ दे. तू सांगितलंस का?"

आई ताटं मांडत होती. हसली नाही. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा महिने ते विचारत कुणाबद्दल होते!

मी म्हटलं, ती गेली. बाबा म्हणाले, "गेली म्हणजे काय, बस जात नाही का तिकडे?"

ताडकन उठलो आणि न जेवता खोलीत गेलो. मग भूक लागली म्हणून परत आलो.

३० मे, शुक्रवार

काका सोमवारपासून रजेवर. ४३० च्या आवाजांची जुळणी मी करायची. म्हणाले, "आता तरी डबा उघडावा लागेल." या वेळी हसत नव्हते.

२ जून, सोमवार

उघडला. हसू, किंकाळ्या, उद्या सांग — सगळ्यांना तिने क्रमांक दिलेत. शेवटी एक तुकडा क्रमांकाशिवाय. ११ मार्च, चार वाजून दहा मिनिटं. मी पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हाचा.

नायिकेचा चिरका आवाज नाही. तिचा स्वतःचा. आधी एक श्वास, मग —

"लेखक, आज सांग."

एकच टेक.

त्र्याऐंशी दिवस तो तिथे पडून होता.

आता बारा वाजून चाळीस. बस सव्वाला आहे. ४३० तसाच टाकून निघतोय. शिंक आली तरी वाक्य पुरं करायचं.