फिर्यादीला नाव लागते

मिठबाव, कार्तिक वद्य तृतीया, शके १८८०

शब्दकोशात पुन्हा पाहिले. फिर्याद, मूळ फारसी. अन्याय सांगून दाद मागणे. ती कोणावर, ते नाव घेऊन सांगावे लागते. मला ती भावोजींवर करायची आहे. बंदरावर वादळाचा बावटा लागलेला असताना त्यांनी यांना, आपल्या सख्ख्या भावाला, होडी घेऊन पाठवले. हे परत आले नाहीत.

आज सासूबाईंना सांगितले, उद्या देवगडला फौजदाराकडे जाते. त्या भाकरी मोडत होत्या, थांबल्या.

"एक झील दर्यान नेल्यान. दुसरो तू सरकाराक देतलंस गो? देवाक गाऱ्हाणा घाल."

गाऱ्हाणे मोघम चालते. भावोजीसुद्धा शेजारी हात जोडून उभे राहतील. फिर्यादीचे तसे नाही.

उद्या देवगडला जाणार नाही. सासूबाईंसाठी. पण देवळातही जाणार नाही.