मुक्या तबकडीतली पावलं

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय राणीसरकार,

तू, लेक आणि नातू मजेत असाल असं धरून चालतो. मीही बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो, कुंड्यांना पाणी घालतो, हे तू विचारण्याआधीच सांगून टाकलं. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो आणि माझं बोलणं जावईबापूंसकट सगळं घर ऐकतं. म्हणून पत्र. तू कधी येणार हे विचारायला लिहीत नाहीये, तेही आधीच सांगतो.

तर ते यंत्र आलं. ग्रामोफोनची तबकडी वाजवायचं नव्हे गं, कापायचं. कोरी तबकडी फिरते, सुई तिच्यावर बारीक रेघ कोरत जाते आणि त्या रेघेत आवाज बसतो. "अहो, या वयात हे काय नवीन खूळ?" असं तू म्हणालीस. खूळ तर खूळ. सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणण्यात गेला, आता जरा कानांचं काहीतरी करू दे.

विकणारा म्हणाला होता, "काका, घरी न्या, प्लग लावा आणि कापायला बसा." त्याच्या जिभेला हाड नाही. घरी आणून पाहतो तर सुईचं टोक उडालेलं, रबरी पट्टा वाळून कडक झालेला. फोन केला तर म्हणतो, "जुन्या वस्तूत एवढं चालायचंच." मुकाट्याने दोन्ही बदलले. यंत्र तुझ्या शिवणाच्या टेबलावर ठेवलंय. ओरडू नकोस, खाली जाड रबर घातलंय. कापताना केसासारखा काळा धागा निघतो, तो तिथल्या तिथे ओढून घेतला नाही तर सुईत गुंततो आणि सगळा विचका होतो. त्यासाठी तुझा व्हॅक्यूम क्लीनर बाल्कनीत ठेवून नळी खिडकीतून आत घेतलीय. समोरच्या वहिनी बघून हसतात. हसू देत.

खरी डोकेदुखी पुढेच. गाणं-बिणं कापण्याआधी मुकी तबकडी कापायची असते, म्हणजे आवाज न देता नुसती रेघ. वाजवल्यावर ती शांत निघाली की यंत्र नीट बसलं म्हणायचं. माझ्या तबकडीत धप, धप, धप. जरा थांबून पुन्हा धप, धप. सुई इतकी नाजूक की जमिनीचा हादराही कोरून ठेवते. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला, त्यात दूध नासलं. टेबलाच्या पायांखाली आणखी रबर घातलं. धपधप आपली तशीच! एकामागून एक कोऱ्या तबकड्या फुकट गेल्या आणि मी रडकुंडीला आलो.

मग डोक्यात प्रकाश पडला, वरचे बँकवाले! त्यांची चाल तुला माहीत आहे, हत्ती परवडला. तणतणत वर गेलो, बेल दाबली, दार बडवलं. शेजारच्या दारातून डॉक्टर बाहेर आले.

"काका, ते दोघंही मुलाकडे गेलेत, केव्हाच. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

असं तोंडघशी पडायला झालं की विचारू नकोस. खाली आलो, यंत्र सुरू केलं आणि चिडून खुर्चीत बसून राहिलो. ती तबकडी वाजवली तर एकही धप नाही.

अगं, ती पावलं माझीच होती. सुई टेकवली की मी उठून चालायला लागतो आणि मला पत्ताच नसतो. फुकट गेलेल्या तबकड्या पुन्हा लावून ऐकल्या. दारापर्यंत जातो, थांबतो, परत येतो. सगळ्यांत तेच. दाराशी थांबून मी काय करतो ते तबकडीत उमटत नाही, पण मला ठाऊक आहे. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का, ते ऐकतो.

महिन्याभरासाठी म्हणून गेलीस. मग नातवाला दात येत होते म्हणून राहिलीस, मग लेक कामावर जायला लागली म्हणून. परवा "कधी येतेस" विचारलं तर "बघू" म्हणालीस, आणि मागून लेक म्हणाली, "बाबा, आईला आता इथेच राहू दे ना." त्यावर तू गप्प. मग मीच सुईचं आणि पट्ट्याचं काहीबाही बोलत राहिलो. मला राग आलाय, आणि तो यंत्राचा नाही, तुझा. नातू गोड आहे, लेक दमते, सगळं मान्य. पण मला कुणी विचारलं? "तुम्हीच या की इकडे" म्हणू नकोस. आलो होतो की. मी सोफ्यावर आणि तू नातवाच्या खोलीत. तुझ्याशी धड बोलायलाही मिळालं नाही.

तुझ्यावाचून मला करमत नाही. एवढी वर्षं हे तोंडाने म्हणालो नाही, आता लिहून देतो.

येणार असशील तर तारीख कळव. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, 'बघू' नको. म्हणजे मी खुर्चीत बसायची सवय करीन.

तुझाच,
अजून उभा असलेला
मी