मापासाठी हात

९ मार्च, रविवार

प्रिय बाईसाहेब,

तिकडे सगळी खुशाल असालच. नातवाला दात आला म्हणे, म्हणजे आता लेकीच्या झोपेचं खोबरं. मी ठीक आहे. जेवतो, म्हणजे पोट भरतं. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस आणि मी दिवसभर त्या 'बरं'चा कीस पाडत बसतो.

शेडमागचा तो ओंडका अखेर कापला. बुरशीची नक्षी यावी म्हणून पोत्याखाली ओलसर ठेवलेला, तो. बुरशी आत शिरून काय काळ्या रेघा उमटल्यात म्हणून सांगू! पण एका बाजूला उशीर झाला. नखानं दाबून 'आज काढा, उद्या भुसा होईल' म्हणणारी तू नव्हतीस, मग माझं आपलं अंदाजपंचे. कातायला लेथवर चढवून फिरवल्यावर ती कुजकी बाजू सुटून थेट माझ्या मास्कवर आदळली. लागलं नाही, काळजी करू नकोस. तरी तीन वाडगे निघाले.

फोटो काढायला बसलो आणि पंचाईत झाली. वाडगा केवढा ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून शेजारी तुझा हात असायचा. या वेळी माझाच ठेवला. दुकानवाल्या बाईंचा फोन आला, "काका, हा वाडगा आहे की वाटी?" माझ्या पंजाशेजारी सगळंच वाटी दिसतं. हसलीस ना? हस.

समोरचा शिंपी रोज विचारतो, "वहिनी कधी येणार?" मी म्हणतो, "बाळ जरा मोठं झालं की." काल तो म्हणाला, "अहो, आता ते रांगत असेल की!" तू गेलीस तेव्हा आपलं भांडण झालं नव्हतं. का झालं होतं? आठवून आठवून डोकं शिणलं. तू डबे भरलेस, मला गोळ्यांच्या वेळा सांगितल्यास, बॅग उचललीस. मी लेथ बंद करून फाटकापर्यंत आलो. आलो ना गं? मला वाटतं आलो.

मुख्य गोष्ट राहूनच गेली. लेक म्हणाली, "बाबा, बाळाच्या खोलीत दोन्ही आज्यांचे फोटो लावायचेत. आईचा एखादा छानसा पाठवा." म्हटलं, हात्तिच्या! घरात कॅमेरा, घरचा फोटोग्राफर, तोटा कसला? अख्खा कॉम्प्युटर उपसला. तुझे हात सापडले. ढिगानं. इस्त्रीनं भाजल्याचा डाग ताजा असलेले, तो डाग फिकटलेले, आणि मग सांधे सुजलेले. सांधे कधी सुजले तुझे? लाकडाच्या रेघा नीट दिसाव्यात म्हणून मी इकडचा दिवा तिकडे करत होतो आणि ते मला दिसलं नाही. चेहरा एकाही फोटोत नाही. एकात हनुवटी आली होती, तो मीच 'खराब' म्हणून बाजूला टाकलेला.

लेकीला म्हटलं, शोधतोय. ती म्हणाली, "आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, मिळायचा नाही."

म्हणजे तुला ठाऊक होतं! मग बोलली का नाहीस? तू त्यासाठीच तिकडे राहिलीयस, की मी उगाच राईचा पर्वत करतोय? कदाचित बाळाचा लळा लागला असेल. कदाचित हात दुखत असतील. कदाचित तिथं तुझ्या तोंडाकडे बघून बोलणारं कुणी असेल. एक धरलं की दुसरं खरं वाटतं. काल नवा ओंडका लावला आणि लेथ सुरूच न करता तासभर तसाच उभा राहिलो. मी घाबरलोय, दुसरं काही नाही.

शिंपी म्हणतो, 'परत ये' असं सरळ लिहा. ते कुठल्या तोंडानं लिहू? तू येणार आहेस की नाही, एवढंच सांग. 'बरं' म्हणू नकोस. नाही म्हणालीस तरी चालेल.

नाही, चालणार नाही. पण सांग.

तुझाच,
म्हणजे, तू अजून तसं मानत असशील तर